काचेच्या अलीकडे

१

कॉलेजातलं शेवटचं प्रॅक्टिकल आटोपलं की कृष्णात थोरात थेट घरी जात नसे. सायकल हातात धरून तो कराडच्या पेठेतून खाली उतरे, निजाम आतारच्या फोटो स्टुडिओच्या भिंतीला ती टेकवी आणि कुणाला न विचारता आतल्या अंधाऱ्या खोलीत शिरे. तिथं टेबलावर त्यानं स्वतः जुळवलेली एक लाकडी पेटी होती. पेटीत दोन काचा शेजारी शेजारी बसत. मागे बल्ब, मधे एक फिरता आरसा आणि पुढे डोळा लावायला एकच नळी. खटका दाबला की आरसा फिरे आणि पहिल्या काचेच्या जागी दुसरी दिसे. पुन्हा दाबला की पहिली. खट्, खट्, खट्. बाहेर निजाम गिऱ्हाइकांशी बोलत असे आणि आत हा आवाज तासन्‌तास चाले.

काचा आकाशाच्या असत. एका जुन्या संस्थानातून कॉलेजला मोठी दुर्बीण मिळाली होती आणि भौतिकशास्त्राचा लेक्चरर म्हणून ती कृष्णातच्या गळ्यात पडली होती. तिला त्यानं काचेवर फोटो घ्यायचा कॅमेरा जोडला. थंडीत सुट्टी मिळाली की तो ती पाचगणीला मेव्हण्याकडे न्यायचा आणि आकाशाच्या एकाच तुकड्याचे, काही दिवसांच्या अंतरानं, दोन फोटो घ्यायचा. काचा धुवायचं काम निजामचं. शाळेत दोघं एका बाकावर बसलेले. निजामला आकाशातलं काही कळत नसे, पण काच धुवावी तर त्यानंच.

निगेटिव्हवर आकाश पांढरं दिसतं आणि तारे काळे. असे हजारो काळे ठिपके. दोन्ही काचा आलटून पालटून पाहिल्या की तारे जागच्या जागी राहतात. एखादा ठिपका उडी मारून सरकला तर तो तारा नव्हे. मंगळ आणि गुरू यांच्या मधे जे लहानमोठे खडक सूर्याभोवती फिरतात त्यांतला तो एखादा असतो. त्याला लघुग्रह म्हणतात. बहुतेक आधीच कुणाला तरी सापडलेले असतात.

१९७५ च्या जानेवारीत एका दुपारी खटका दाबताना कोपऱ्यातला एक ठिपका हलला. कृष्णातनं पुन्हा दाबला. ठिपका परत आपल्या जागी गेला. त्यानं तक्ते पाहिले, ओळखीचे सगळे लघुग्रह तपासले. तिथं कुणीच असायला नको होतं.

"निजाम, जरा आत ये," तो म्हणाला.

निजामनं डोळा लावला. "पिसू हाय का काय?"

"दगड हाय. लय मोठा. आजवर कुणी बघितल्याला न्हाई."

निजाम बराच वेळ खटका दाबत राहिला. "मग इतकी वर्सं हे कुठं हुतं?"

"इथंच हुतं की. नुसतं वळखलं न्हवतं कुणी."

२

कृष्णातनं परदेशातल्या केंद्राला तार केली. तिकडून उत्तर आलं: जागा नोंदली आहे, इतर वेधशाळांना कळवलं आहे, त्यांनी पाहिलं की शोध पक्का धरू. दरम्यान जुन्या काचा तपासा. पुष्कळदा असा लघुग्रह सापडण्याच्या आधीच कुणाच्या तरी फोटोत उमटून गेलेला असतो. तो मागच्या काचांत मिळाला तर त्याच्या फिरण्याची वाट काढणं सोपं जातं.

कृष्णातकडे जुन्या काचा होत्याच किती. त्या त्यानं दोन दिवसांत पालथ्या घातल्या. काही मिळालं नाही.

"जुन्या काचा माज्याकडं ढिगानं हायत," निजाम म्हणाला. तो थट्टा करत होता. "त्यात बघ तुजा दगड."

स्टुडिओच्या मागच्या भिंतीला निजामच्या वडिलांनी, पीरमहंमदांनी, लावलेले खण होते. त्यांत गावाची दोन पिढ्यांची तोंडं काचेवर उभी होती. घोळक्याचा फोटो घेताना कुणाचे ना कुणाचे डोळे मिटतातच, म्हणून पीरमहंमद लागोपाठ दोन काचा घेत. बरी निघेल ती छापत आणि दुसरीही टाकून देत नसत. निजामनंही तीच रीत ठेवली होती.

त्यानं कृष्णातच्याच कॉलेजच्या मास्तरांची एक जोडी काढली आणि पेटीत बसवली. खट्. प्राचार्यांच्या पापण्या मिटल्या. खट्. उघडल्या. गणिताच्या मास्तरांची मान वळली. शिपाई बिराप्पाची मिशी थरथरली. दोघं मित्र पोट धरून हसले. निजामनं दुसरी जोडी लावली, एका बारशाची. तान्ह्या पोराचा हात वर गेला, खाली आला.

हसता हसता कृष्णात थांबला. माणसांच्या मागे स्टुडिओचा रंगवलेला पडदा होता. त्यावर राजवाडा, पायऱ्या, तळं. पडद्याच्या खालच्या अंगाला काहीतरी सरकलं होतं.

"पडद्याची चुणी असंल," निजाम म्हणाला.

"चुणी हाय, कबूल. पर खटक्याबरोबर हलती कशी?"

"वारं."

ते उत्तर पटण्यासारखं होतं. कृष्णातनं एकेक काच सुटी धरून पाहिली. पहिलीत पडद्याच्या सुरकुत्यांत एक फिकट सुरकुती, म्हणजे खऱ्यात गडद. दुसरीतही तशीच एक, थोडी अलीकडे. एकटी काच पाहणाऱ्याला त्यात वावगं काही दिसलं नसतं. त्यानं मास्तरांची जोडी पुन्हा लावली आणि या वेळी माणसांकडे पाहिलंच नाही.

तिथंही ते होतं.

३

पुढचे आठ-दहा दिवस कृष्णात रोज दुपारी खणातल्या काचा पाहत बसला. आकाशाच्या काचा बाजूला राहिल्या. सुरुवातीला निजामही मधूनमधून डोकावून जाई.

दर जोडीत ते नव्हतं. पुष्कळ जोड्या स्वच्छ निघत. लग्नातली जोडपी, फौजेत भरती झालेली पोरं, पहिलवान, आणि मागे पडदा निवांत. कृष्णातला हायसं वाटे. मग एखाद्या जोडीत खटका दाबताच माणसं स्तब्ध राहत आणि त्यांच्या पाठीमागे तेवढं एक सरके. आकार सांगता येत नव्हता. उभं होतं, आडवं नव्हतं, एवढंच. हात म्हणावेत तर पडद्याच्या दुमडी. डोकं म्हणावं तर तिथं तळ्यातलं रंगवलेलं कमळ.

कृष्णात शास्त्राचा माणूस होता. आधी त्यानं भिंगावर शंका घेतली. निजामनं भिंग दाखवलं, त्यावर ओरखडा नव्हता. मग पडद्यावर. पण पडदा तेरा-चौदा वर्षांपूर्वी बदललेला निघाला. आधीच्या पडद्यावर नुसतं आभाळ आणि एक कठडा होता, आणि तिथंही त्या कठड्याशी ते सापडलं. मग जागेवर शंका घेतली.

"तुजं दुकान पैल्यापासनं इथंच का?"

"न्हाई. मी लहान असताना मंडईच्या अंगाला हुतं," निजाम म्हणाला. "माडीवर."

माडीवरच्या काळच्या काचा सगळ्यात वरच्या खणात होत्या. त्यांत ते फार लांब होतं, आणि फार लहान. ही गोष्ट कृष्णातला नीट कळेपर्यंत एक दुपार गेली. माडीवरची खोली लहान असणार. काचेत भिंत स्पष्ट दिसत होती, तिचे पोपडेसुद्धा दिसत होते. ते मात्र भिंतीच्याही पलीकडे, जिथं जागाच नव्हती तिथं, बारकं होऊन उभं होतं.

त्यानं डोळे चोळले. मिरजेला जाऊन डोळ्यांच्या डॉक्टरांना दाखवलं. डॉक्टरांनी थेंब घातले, अक्षरं वाचायला लावली आणि म्हणाले, "नजर उत्तम आहे. जरा विश्रांती घ्या." परतीच्या गाडीत कृष्णातला खिडकीबाहेरचे तारेचे खांब मागे जाताना दिसत होते आणि लांबचे डोंगर जागच्या जागी. तो एकेक खांब पाहून पापणी मिटत होता आणि उघडत होता. हे लक्षात आल्यावर त्यानं तोंड आत वळवलं.

४

शेवटी त्यानं लघुग्रहाचं करतात तेच केलं. काचांवर वर्षं लिहिलेली होतीच. प्रत्येक काचेवर त्या सरकणाऱ्या गोष्टीची जागा पट्टीनं मोजली, चौकटीच्या कागदावर ठिपके मांडले आणि ठिपक्यांतून रेघ काढली. रेघ वेडीवाकडी निघाली असती तर तो सुखानं झोपला असता. ती सरळ आली. पुढे जराशी वळली, जशी लघुग्रहाची वळते.

त्यानं कागद निजामपुढे ठेवला. निजाम एका नवऱ्यामुलाच्या फोटोवर ब्रशनं रंग देत होता. त्यानं ब्रश खाली ठेवला.

"सरळ सांग. मला रेघांतलं कळत न्हाई."

"पैल्यांदा लांब हुतं. मग पडद्याशी आलं. मग माणसांच्या मागं. दोन-तीन वर्सांमागं गालिच्यावर हुतं, खुर्चीच्या पायाशी."

"आणि आता?"

"आता काचेवर न्हाई. काचेच्या भाईर पडलंय."

निजामच्या चेहऱ्यावरचा ताण सैल झाला. "गेलं म्हण की मग."

कृष्णातला तसं म्हणता आलं असतं. त्यानं रेघेच्या टोकावर बोट ठेवलं.

"कुठल्या बाजूनं भाईर पडलंय?" निजामनं विचारलं.

"आपल्या बाजूनं. कॅमेऱ्याच्या अलीकडं."

निजाम उठला. त्यानं खणांची दारं एकेक करून लावली आणि कुलूप घातलं. तो रागावला नव्हता, पण कृष्णातकडे पाहतही नव्हता. "लोकांची तोंडं हायत ती, कृष्णा," तो म्हणाला. "लोकांनी इस्वासानं दिल्याली. त्यात आसलं काय हुडकायचं नसतं. तू तुजं आभाळ बघ."

त्या दिवशी पहिल्यांदाच दोघांनी संध्याकाळचा चहा एकत्र घेतला नाही.

५

मधे काही दिवस गेले. कृष्णात पेपर तपासायला सांगलीला जाऊन आला. सकाळच्या गाडीनं गेला, दिवसभर एका मोठ्या हॉलमधे मान खाली घालून गुण देत बसला आणि संध्याकाळच्या एसटीनं परतला. डोक्याला बरं वाटलं. पेटीचा विषय त्यानं मनातून काढला होता.

तिसऱ्या दिवशी निजाम स्वतः कॉलेजात आला. हातात वर्तमानपत्रात गुंडाळलेल्या दोन काचा होत्या.

"शाहजादीला मिरजेचं स्थळ आलंय," तो म्हणाला. शाहजादी त्याची थोरली लेक. "त्येंनी फोटो मागितलाय. परवा काढला. अब्बाजानच्या कॅमेऱ्यावर, रीतीपरमाणं दोन काचा." त्यानं गुंडाळी पुढे केली. "मी कायबी इचारणार न्हवतो तुला. पर पोरीचा फोटो हाय. परक्या घरात जाणार. एकदा बघ."

दोघं स्टुडिओत आले. कृष्णातनं काचा बसवल्या, दिवा लावला. नळीला डोळा लावण्याआधी त्यानं ती रुमालानं पुसली.

खट्.

शाहजादी खुर्चीवर बसली होती, हात मांडीवर. मागे राजवाडा, पायऱ्या, तळं. खट्. पडदा निवांत. गालिचा निवांत. खुर्चीचे पाय, फुलदाणी, ओढणीची कड, सगळं जागच्या जागी. त्यानं कडाकडांनी, कोपऱ्याकोपऱ्यांतून पाहिलं. खट्. खट्.

"न्हाई," तो म्हणाला. "कायबी न्हाई."

निजामनं सोडलेला श्वास त्याला ऐकू आला. कृष्णातही हसला आणि सहज, उठता उठता, शेवटचं एकदा खटका दाबला. तेव्हा त्यानं पोरीच्या चेहऱ्याकडे पाहिलं. आतापर्यंत ते टाळलं होतं.

चेहरा हलत नव्हता. बुबुळं हलत होती. पहिल्या काचेत ती कॅमेऱ्याच्या एका अंगाला पाहत होती आणि दुसरीत दुसऱ्या अंगाला. निगेटिव्हवर बुबुळं पांढरी दिसतात. त्या दोन पांढऱ्या टिकल्या इकडून तिकडे जात होत्या, जशी कुणाच्या तरी चालण्यामागे नजर जाते.

"फोटो काढताना भिंगाकडं बघ म्हणून सांगितलं न्हवतं का तिला?" त्यानं विचारलं.

"सांगितलं हुतं की. का?"

६

शाहजादी स्टुडिओच्या मागच्या घरात आईला, मदिनाबीला, भाकऱ्या करू लागत होती. बापानं हाक मारली तशी पिठाचे हात घेऊन दारात आली.

"परवा फोटोच्या वक्ताला तू कुठं बघत हुतीस गं?" निजामनं विचारलं.

ती गोंधळली. आपल्याकडून चूक झाली असं तिला वाटलं. "काकांकडं," ती म्हणाली.

"कंच्या काकांकडं?"

तिनं कृष्णातकडे पाहिलं. "तुमी हुता न्हवं, काका. पैल्यांदा अब्बांच्या हिकडच्या अंगाला हुबं ऱ्हायला. अब्बा कॅमेऱ्यामागच्या काळ्या फडक्यात गेलं तवा तुमी तिकडं गेला. मी तुमाला इचारणार हुते, पर हलू नको म्हटलं हुतं अब्बांनी."

"मी काय बोललो?"

"काय न्हाई. नुसतं बघत हुता."

निजामनं सांगितलं की दुकानात तो आणि पोरगी सोडून कुणी नव्हतं. मदिनाबी दाराशी बसली होती, तिच्या पुढून कुणी आत गेलं नव्हतं. कृष्णातनं सांगितलं की परवा तो सांगलीत होता. तिघंही खरं बोलत होते हे तिघांनाही दिसत होतं. शाहजादीला रडू यायला लागलं, तेव्हा निजामनं तिला आत पाठवलं.

कृष्णात घरी आला. बायको, शालू, तांदूळ निवडत होती. त्यानं चप्पल काढता काढता विचारलं, "परवा दिवसा मी कुठं हुतो?"

"आवं, आसं काय इचारताय? सांगलीला न्हवता का गेला? पेपरं तपासायला."

त्याचे खांदे खाली आले. भिंतीला टेकून तो बसला. शालू सुपातले खडे वेचत होती.

"पर लवकर आला की त्या दिशी," ती पुढे म्हणाली. "दुपारच्यालाच. काय न बोलता भाईरच्या खोलीत बसलासा. मी च्या ठिवला, तो तसाच गार झाला. मग कवा परत भाईर गेला ते मला कळलंबी न्हाई. सांजच्याला पुन्हा आला तवा मी गप ऱ्हायले. म्हटलं, पेपरांचा ताप असंल."

कृष्णातनं सांगलीचा हॉल आठवून पाहिला. उंच खिडक्या आठवत होत्या, लाल शाई आठवत होती. शेजारच्या खुर्चीवर कोण बसलं होतं ते मात्र आठवेना. एसटीत कुणाशी बोलल्याचं आठवेना. खरं म्हणजे त्या दिवशी कुणी त्याला नावानं हाक मारली होती का, हेही त्याला आठवेना.

७

दुसऱ्याच आठवड्यात तार आली. दोन वेधशाळांना लघुग्रह दिसला होता, अगदी कृष्णातनं सांगितलेल्या जागी. शोध पक्का झाला होता. त्याला तात्पुरता क्रमांक मिळाला, आणि पुढे वाट नीट ठरली की नाव सुचवायचा मान कृष्णातचा. कॉलेजात पेढे वाटले गेले. प्राचार्यांनी पाठीवर हात ठेवला. सांगलीच्या एका दैनिकाला बातमी छापायची होती आणि बातमीबरोबर थोरात सरांचा फोटो हवा होता.

कृष्णातनं फोटो टाळायचा प्रयत्न केला. जुना एखादा द्या म्हणाला. प्राचार्य ऐकेनात. "अहो, कॉलेजचं नाव होणार आहे," ते म्हणाले, आणि त्याच दुपारी त्याला पाठवून दिलं.

निजाम दारातच उभा होता. शाहजादीच्या काचा पाहिल्या त्या दिवसापासून दोघांत धड बोलणं नव्हतं. मित्राच्या तोंडाकडे पाहून त्याला दया आली असावी.

"ये," तो म्हणाला. "दोन काचा घिऊ. पेटीत लावू, तुज्यासमोर. कायबी न्हाई हे तुजं तुला दिसंल. मग पेटी मोडून चुलीत घालू."

"आन दिसलं तर?"

"आरं, बस गड्या."

छताच्या काचेतून दुपारचं सारखं ऊन आत येत होतं. पडद्यापुढे एकच खुर्ची होती. कृष्णात तिच्यावर बसला. गुंड्या नीट केल्या, हात गुडघ्यांवर ठेवले. समोर तिपाईवर पीरमहंमदांचा लाकडी कॅमेरा, त्याच्यामागे काळं फडकं. कॅमेऱ्याच्या दोन्ही बाजूंना कुणी नव्हतं. त्यानं नीट पाहून घेतलं. डावीकडे कपाट, उजवीकडे हात धुवायचं घंगाळ, आणि मधे निजाम. बाकी मोकळी फरशी. इतक्या दिवसांत पहिल्यांदा त्याला शांत वाटलं. अलीकडे काही नव्हतं. रेघ चुकली होती.

निजामनं फडक्याखाली जाऊन नेम धरला, बाहेर आला, काच बसवली.

"हलू नको," तो म्हणाला. भिंगाची टोपी काढली, मनात मोजलं, टोपी लावली. "झकास. आता दुसरी."

त्यानं पहिली काच काढून घेतली आणि नेम पुन्हा पाहायला फडक्याखाली गेला. या वेळी त्याला वेळ लागला. फडकं जराही हलत नव्हतं. बाहेर पेठेत कुणीतरी सायकलची घंटी वाजवत गेलं.

"हलू नका," फडक्याखालून निजाम म्हणाला.

कृष्णातच्या मनात आलं, नका. शाळेपासून हा आपल्याला तूच म्हणत आलाय. पण दिवसभर घरंच्या घरं पुढ्यात बसवणाऱ्या माणसाची जीभ आहे, तिला वळण पडतंच. असंच असणार. तो विचार त्यानं घट्ट धरून ठेवला आणि समोर पाहत राहिला, मान न वळवता.

"जरा आनखी जवळ सरका," निजामचा आवाज नेहमीसारखाच, कामातल्या माणसाचा होता. थोडा वेळ गेला. "व्हय. आता दोघंबी बरोबर येताय."

कृष्णात जागचा हलला नव्हता.